मागच्या सहा सऱ्या

चिटबॉय धनपाल चौगुले मोटारसायकल रस्त्यालाच लावून आत आला, तेव्हा झुंबरबाई म्हशीच्या मांडीवरचं वाळलेलं शेण खरवडत होती. धनपाल कारखान्याचा माणूस. कुणाचा ऊस कधी तुटायचा आणि तोडणीची टोळी कुठल्या फडात उतरायची हे त्याच्या चिठ्ठीवर ठरायचं. हंगामात त्याला चहा पाजल्याशिवाय गावात कुणी सोडत नसे. झुंबरबाईनं मान वर केली नाही.

"काकी, तोड आलीया तुमची. उद्या टोळी उतरतीया."

"माझा ऊस तुटायचा न्हाय."

धनपाल हसला. "सकाळ सकाळी चेष्टा करताय व्हय?"

"लावणीच्या बेण्याला ठेवलाय."

"बेण्याला? चौदा महिन्यांचा ऊस? डोळं जून झालं की त्याचं. कोण न्हील असलं बेणं?"

"न्हील कुणीतरी. न्हाय न्हेलं तर म्हस खाईल."

धनपालनं चिठ्ठी खिशात घातली, परत काढली. त्याची नजर गोठ्यापलीकडच्या उसावर गेली. झुंबरबाईचा दीड एकराचा तुकडा रस्त्याला लागून होता. त्याच्या मागं विजयसिंहाचा पाच एकर ऊस. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला धनपालच्याच चुलत्यांचा मळा, तोही पुरुषभर उंचावर, कडेला दगडी बांधाचा ताल घातलेला. विजयसिंहाच्या रानाला नकाशात रस्ता नव्हता. झुंबरबाईचा नवरा आणि विजयसिंहाचा बाप हे सख्खे भाऊ, त्यांनी वाटणी केली तेव्हा वाट कागदावर घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दरसाल पुढचा ऊस आधी तुटायचा, मोकळ्या फडातनं मागच्या उसाच्या ट्रॉल्या निघायच्या. पुढच्या मालकानं आपल्या हातानं पहिला ऊस तोडायचा, मगच बाकीच्यांनी कोयता लावायचा, एवढीच रीत होती.

"काकी, तुमचा फड मोकळा झाल्याबिगार विजयसिंहदादांच्या उसाला वाट न्हाय. त्येंची तोड तुमच्या मागनंच लागलीया."

"मग?"

"मग म्हंजे... काय सांगू त्येस्नी?"

"बांद हाय की. मोळ्या डोक्यावर न्या म्हणावं. बांद काय मी अडवला न्हाय."

पाच एकराचा ऊस हातभर रुंदीच्या बांधावरनं डोक्यावर वाहून न्यायला कुठलीच टोळी तयार होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. धनपाल थोडा वेळ घुटमळला.

"बाळासोला इचारून येऊ काय?"

"उतारा माझ्या नावावर हाय. माझ्या पोराला काय इचारतोस?"

धनपाल चहा न घेताच गेला.

सुरेखा, झुंबरबाईची सून, दाराआड धारेची बादली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बादली तिनं जोरात खाली ठेवली, दूध उसळून फरशीवर सांडलं.

"आत्ती, हे काय केलासा? पोरीसाठी खात्यावर पैसं कुठनं पडायचं?"

"पडतील."

"कवा? उसाचं बिल आलं तरच पडतील न्हवं? ती आत रोज मोबाईलवर तारखा बघत बसतीया. तुमाला तुमचं पडलंय."

"माझं न्हाय गं. तिचंच."

"तिचं म्हणून तिच्याच नरड्यावर पाय देताय."

झुंबरबाई परत म्हशीकडं वळली. खरवडणीचा आवाज तेवढा येत राहिला.

आत क्रांती होती. बाळासो आणि सुरेखाची एकुलती एक. वय एकोणीस. बारावीनंतर तिला इटलीतल्या एका सरकारी विद्यापीठात शेतीशास्त्राच्या पदवीला जागा मिळाली होती. तिथली फी पुण्यातल्या खाजगी कॉलेजपेक्षाही कमी होती. अडचण फीची नव्हती. वर्षभर तिथं राहायचं, खायचं, त्याचे पैसे बापाच्या खात्यावर आहेत असं दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नव्हता. बाळासो दुधाचा टेम्पो चालवायचा. कोल्हापूरच्या बँकेत तो कर्जाला गेला तेव्हा साहेबांनी चष्मा काढून सांगितलं, शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही, शहरात फ्लॅट असेल तर बघू. बाळासो म्हणाला, फ्लॅट असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो. साहेब हसले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तेव्हा विजयसिंह आपण होऊन घरी आला होता. झुंबरबाईच्या थोरल्या दिराचा हा मुलगा गावच्या सोसायटीचा चेअरमन होता. नदीवरनं पाणी उचलायची स्कीमही त्याच्याच हातात होती. कॉटवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "क्रांती आपल्या घरातली पोरगी. खात्यावर दाखवायला पैसं लागत्यात न्हवं? मी ठेवतो. व्हिसा झाला की परत द्या." अशी पद्धत आता सगळीकडंच झाली आहे. पोर परदेशी जायचं म्हटलं की भावकी, पावणे मिळून खातं भरतात आणि काम झालं की ज्याचं त्याला जातं. बाळासोचे डोळे भरून आले. विश्वासाखातर म्हणून त्यानं सही केलेला कोरा चेक विजयसिंहाच्या हातात दिला. विजयसिंह नको नको म्हणाला आणि खिशात घातला.

त्या उपकारापोटी उन्हाळाभर झुंबरबाई आणि सुरेखा विजयसिंहाच्या पाच एकरात भांगलायला, तण काढायला गेल्या. रोजगार कुणी विचारला नाही, कुणी दिला नाही. उसाची पात हाताला करवतीसारखी लागायची. संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं की दोघींचे हात पेटल्यासारखे व्हायचे. विजयसिंहाचा मुलगा राजवीर बुलेटवरनं यायचा, बांधावर गाडी उभी करायचा, बसल्या जागेवरनं बोट दाखवायचा. "आज्जी, त्या सरीत लव्हाळा ऱ्हायलाय बघ." झुंबरबाई परत त्या सरीत जायची.

ऑगस्टात बापलेक मुंबईला जाऊन कागद देऊन आले. आठवड्यानं तिकडनं निरोप आला, खात्याचं आजचं स्टेटमेंट पाठवा. बाळासो वडगावच्या बँकेत गेला. यंत्रानं पासबुक करकरत छापून बाहेर टाकलं. बाळासोनं शेवटची ओळ पाहिली आणि यंत्र बिघडलंय म्हणून कारकुनाकडं गेला. यंत्र बिघडलं नव्हतं. चेक वटला होता.

त्या दिवशी झुंबरबाई पावसातनं विजयसिंहाच्या बंगल्यावर गेली. आत सोसायटीचे डायरेक्टर जेवायला बसले होते. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. विजयसिंहाच्या बायकोनं गडबडीनं एक खताचं पोतं आणून दारात टाकलं. "काकी, ह्याच्यावर उभ्या ऱ्हावा. नवी टाईल हाय." झुंबरबाई पोत्यावर उभी राहिली. पंगत उठेपर्यंत उभी राहिली. विजयसिंह हात पुसत बाहेर आला.

"काकी, पैसं माझंच हुतं की. मला लागलं, मी काढलं."

"सांगून तरी काढायचंस रं."

"आता काय सांगायचं त्यात? आणि खरं बोलू काय, पोरीच्या जातीला एवढं लांब कशाला? आमचा राजवीर हितं घरात बसायचा आणि तुमची पोरगी इमानात बसायची. गाव काय म्हणंल?"

आतनं कुणीतरी हसलं. त्याच्यामागं बाकीचेही हसले.

व्हिसा नाकारला. विद्यापीठानं जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली तेवढं बरं झालं. गावात क्रांतीला नाव पडलं. ती डेअरीत दूध घालायला गेली की कट्ट्यावरची पोरं म्हणत, "ए, इटली आली बघ." ती किटली ठेवायची, फॅट लागू द्यायची, पावती घ्यायची आणि परत यायची. झुंबरबाई घरी आल्यावर तिचं तोंड बघायची. त्या तोंडावर काहीच नसायचं, आणि म्हातारीला तेच सोसवत नसे.

या वेळी तिकडचे लोक जास्तच बारकाईनं बघणार होते. आदल्या वर्षी खातं भरून रिकामं झालेलं त्यांच्याकडं नोंद होतं. म्हणून पैसे स्वतःचे पाहिजेत आणि महिनोन्महिने खात्यावर बसलेले दिसायला पाहिजेत. उसाचं बिल मार्चअखेर आलं तरच ते जमणार होतं.

आणि झुंबरबाईनं ऊस धरून ठेवला होता.

टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. चौथ्या दिवशी विजयसिंहाची पांढरी गाडी रस्त्याला थांबली. त्यानं आतनंच हॉर्न वाजवला. झुंबरबाई गवत बांधत होती, बांधत राहिली. शेवटी तो उतरला.

"काकी, हे काय चाललंय?"

"ये की. उनाचा उभा ऱ्हाऊ नगो."

"ऊस कवा तोडणार?"

"बेण्याचं गिऱ्हाईक आलं की."

"येड घेऊन पेडगावला जाऊ नगोस. वाट अडवाय येत न्हाय कायद्यानं. तहसीलदाराकडं जाईन."

"जा की हातकणंगल्याला. तारखा घे. तारखा पिऊन ऊस वाढतोय काय बघ."

विजयसिंहाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "स्कीमचं पाणी बंद करीन. मग बसा वरडत."

"कर."

त्यानं त्याच दिवशी पाणी बंद केलं. उसाला आता पाण्याची गरज नव्हती, पण गोठ्यामागचा मका आणि गवत सुकायला लागलं. दोन म्हशींची वैरण तीच. सुरेखा आणि क्रांती ओढ्यातल्या डबक्यातनं घागरी आणून मक्याच्या बुडात ओतायच्या. ओढ्याचा चढ घसरडा होता. सुरेखाचा खांदा धरला, तिला पदर डोक्यावर घेताना हात वर करता येईना. ती सासूशी बोलायची बंद झाली. भाकरी थापून ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची.

बाळासो रात्रीचा टेम्पो लावून आला की अंगणात बसून राहायचा. एकदा तो म्हणाला, "आई, पोरीचं वय चाललंय. त्याच्यावरचा राग गिळ की."

"त्याला जाब इचारायचा तू. इचारलास?"

बाळासो उठून टेम्पोची ताडपत्री बांधायला लागला.

"तुझ्या वाटणीचा मीच धरलाय," झुंबरबाई म्हणाली. "एवढा गिळाय व्हत न्हाय."

एका दुपारी ती पाला गोळा करत उसाच्या कडेला बसली होती. क्रांती घागर रिकामी करून आली आणि तिच्याजवळ टेकली. तिच्या खांद्यावर घागरीच्या कडेचा वळ उठला होता. तिनं उसाकडं बघितलं.

"आज्जी, विजयसिंहतात्याला वाट कुठनं पायजे?"

"हे काय हितनं. रस्त्यापासनं मागच्या बांदापतोर."

"आपल्या सऱ्या आडव्या हायत. रस्त्याला समांतर."

"मग?"

"मग पुढच्या तोडल्या आणि मागच्या ठेवल्या तर? बिल मिळंल, वाट मिळायची न्हाय."

झुंबरबाईचे हात थांबले. तिनं नातीकडं पाहिलं. क्रांती मोजल्यासारखं उसाच्या शेंड्यांकडं बघत होती.

"किती ठेवायच्या?"

"सहा. दोन-तीन ठेवल्या तर ट्रॅक्टर रेटून घालतील. सहा सऱ्यांत ट्रॉली अडकती."

"कवापासनं डोक्यात हाय तुझ्या?"

"पाणी बंद केलं तवापासनं." क्रांतीनं खांद्यावरचा वळ चोळला. "बेण्याला ठेवल्यात म्हणायचं. तूच म्हणालीस की."

झुंबरबाई हसली. किती महिन्यांनी हसली कुणास ठाऊक, हसता हसता तिला ठसका लागला. ती नातीच्या पाठीवर थापट्या मारत राहिली. "माझ्यावर गेलीस गं. माझ्यावर गेलीस."

दुसऱ्याच दिवशी तिनं धनपालला बोलावून चहा पाजला.

फेब्रुवारीत बीडची टोळी उतरली. पहाटे गारठ्यात बायका डोक्याला फडकी बांधून सरीत शिरल्या. पहिला ऊस झुंबरबाईनं तोडला, मग सगळ्या फडात कोयत्यांचा आवाज सुरू झाला. बुडाला एक घाव, शेंड्याला एक घाव, पाला सोलत मोळी. एका बाईचं तान्हं मूल ट्रॉलीखालच्या सावलीत झोळीत झोपलं होतं. सुरेखानं तिला भाकरी आणि चटणी नेऊन दिली. त्या दिवशी सुरेखा सासूशीही बोलली. "आत्ती, मुकादमाला ताक देऊ काय?" एवढंच बोलली.

मुकादम मागच्या सऱ्यांपाशी आला आणि थांबला. "ह्या?"

"ऱ्हाऊ दे."

मुकादमानं पलीकडचा पाच एकर बघितला, सहा सऱ्या बघितल्या, तोंडातली तंबाखू गालात सरकवली. "कुणाशी वाकडं हाय, मावशी?"

"पुतण्याशी."

"मग ऱ्हाऊ द्या." त्यानं शिट्टी मारून टोळी मागं वळवली.

तोड संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी विजयसिंहाच्या उसासाठी ट्रॅक्टर आला. पुढचा फड मोकळा दिसला म्हणून ड्रायव्हर दोन्ही ट्रॉल्या घेऊन सरळ आत घुसला, आणि उसाच्या भिंतीपुढं येऊन थांबला. दोन जोडलेल्या ट्रॉल्या मागं घेता येईनात, सऱ्यांच्या उंचवट्यावर वळवताही येईनात. अर्धा तास तो खुंटांवर पुढं-मागं करत राहिला, मागची ट्रॉली वाकडी होऊन सरीत रुतली. कट्ट्यावरची माणसं चहाचे ग्लास हातात घेऊनच बघायला आली. राजवीर बुलेटवर आला.

"आज्जी, हे काय खेळ लावलाय? तोड की ह्या सऱ्या."

"बेणं हाय ते."

"कसलं बेणं? कोण घेणार हाय?"

गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "इटलीला जाणार हाय बेणं." या वेळी हसू राजवीरच्या अंगावर आलं. त्यानं बुलेटला एवढी किक मारली की गाडी सुरू होताच बंद पडली. लोक परत हसले. ड्रायव्हरनं डिझेलचे पैसे मागितले आणि रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर मागवावा लागला.

ऊस आडवा करून वाट काढायला विजयसिंहाला अवघड नव्हतं. पण क्रांती रोज सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्याचे फोटो काढायची, आणि काढते हे किराणा दुकानात मोठ्यानं सांगायची. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. विधवा चुलतीच्या उभ्या उसात ट्रॅक्टर घातल्याचा फोटो गावात फिरला असता तर मतं गेली असती. डोक्यावर मोळ्या न्यायला त्यानं दोन टोळ्यांना विचारलं. एकीनं दुप्पट मागितलं, दुसरी बांध बघूनच परत गेली.

मार्च लागला. ऊन चढलं. विजयसिंहाच्या उसाला तुरे आले, पांढरे, वाऱ्यावर हलणारे. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस ते तुरे बघून मान हलवायचा आणि कट्ट्यावर जाऊन सांगायचा. चेअरमनचा ऊस वाळतोय. कुणी मुद्दाम त्याच्या तोंडावर विचारायचं, "दादा, औंदा टनेज किती पडंल?"

उसाचं बिल आलं. बाळासोच्या खात्यावर बसलं. आणि तरी कमी पडलं. किती कमी पडतंय ते क्रांतीनं कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा सुरेखानं गोठ्याकडं बघितलं. मोठी म्हैस तिची होती. सहा वर्षांमागं बापानं रेडकू म्हणून दिली होती. सुरेखाशिवाय ती कुणाला धार काढू देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाळासो टेम्पोवरनं आला तो सरळ आईपुढं बसला.

"विजयसिंह वाटंत भेटला. म्हणाला, जेवढं कमी पडत्यात तेवढं मी देतो. उसनं न्हवं, असंच. परत मागायचो न्हाय. चेक न्हाय, रोख. फक्त वाट द्या म्हणाला."

"घ्या," सुरेखा लगेच म्हणाली. "माझी म्हस ऱ्हाईल. घ्या, आत्ती. त्याची खोड जिरली आता."

 उन्ह कलल्यावर झुंबरबाई बांध ओलांडून विजयसिंहाच्या रानात शिरली. भांगलणीनंतर तिचा पाय त्या रानाला लागला नव्हता. ऊस पडला होता, सरीवर सरी आडवी. उंदरांनी बुडं कातरली होती. तिनं एक कांडं मोडलं, दातानं सोललं. आत भेंड झालं होतं, कापसासारखं. चव आंबट. हाच ऊस कमरेएवढा असताना तिनं त्यातला लव्हाळा मुळासकट उपटला होता. तिनं कांडं थुंकलं आणि बराच वेळ तिथंच बसली. आयुष्यभर तिनं पीक जगवायचंच काम केलं होतं. तिला वाटलं होतं हे बघून गार वाटेल. तिनं पडलेला एक ऊस उचलून उभा करून बघितला, तो परत आडवा झाला.

घरी येऊन ती सुरेखाला म्हणाली, "तुझी म्हस ऱ्हाऊ दे. देते वाट."

कारखाना आठवड्यात बंद होणार होता. शेवटची टोळी धनपालनं विजयसिंहासाठी कशीबशी अडवून धरली होती. सकाळी ट्रॅक्टर रस्त्याला येऊन थांबला. टोळीतली माणसं ट्रॉलीत बसून बिड्या ओढत होती. विजयसिंह फडात उभा होता, गाडी न आणता चालत आलेला. दाढी वाढली होती. झुंबरबाई कोयता घेऊन निघाली. मागं बाळासो, त्याच्या मागं सुरेखा. कट्ट्यावरचे चार-पाच जण येऊन थोडे लांब थांबले.

"काकी," विजयसिंह म्हणाला. खिशातनं त्यानं जाड पाकीट काढलं. "हे आधी घे."

"बाळासोकडं दे."

बाळासोनं हात पुढं केला.

"पप्पा, घेऊ नगा."

क्रांती गोठ्याकडनं आली होती. हाताला शेण तसंच होतं. ती सहा सऱ्यांच्या आणि विजयसिंहाच्या मधे येऊन थांबली.

"क्रांते, घरात जा," सुरेखा म्हणाली.

"तात्या, एक इचारू?" क्रांतीचा आवाज चढला नव्हता. "तुमी पैसं का काढलासा?"

विजयसिंहानं पाकीट हातातल्या हातात फिरवलं. "झालं ते झालं, पोरी. माझं चुकलं म्हण."

"चुकलं ते सगळ्यांस्नी ठावं हाय. का काढलासा ते इचारतीया."

विजयसिंहानं लांब थांबलेल्या माणसांकडं बघितलं. "राजवीर घरात बसून हुता. त्येची आई रोज टोचायची. गाव तुझंच नाव घ्यायचं. मला... सोसलं न्हाय."

"लागलं हुतं म्हणून न्हवं तर."

"न्हाय."

क्रांतीनं मान हलवली, जसं गणिताचं उत्तर जुळल्यावर हलवावी. "माझं एक वरीस गेलं, तात्या. तुमचंबी एक जाऊ दे. मग आपुन बरोबरीत बोलू."

"अगं पर पैसं देतोय न्हवं मी! तुझ्या कमी पडत्यात न्हवं? व्हिसा..."

"मी म्हशीचं गिऱ्हाईक बघितलंय. वडगावचा माणूस हाय. उद्या येतोय."

 सुरेखा एकदा पोरीकडं, एकदा नवऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि घराकडं वळली. बाळासो तिच्यामागं दोन पावलं गेला आणि थांबला.

"क्रांते," झुंबरबाई म्हणाली. "बाळा, तो ऊस बघून आले मी. पिकाचं काय चुकलंय? दे की आता. तुझ्या आईची म्हस..."

"आज्जी, तू पोत्यावर उभी ऱ्हाईलीस ते मला कुणी सांगितलं ठावं हाय? राजवीरनं. डेअरीत, सगळ्यांच्यापुढं. करून दाखवत हुता." क्रांती म्हातारीच्या तोंडाकडं बघत होती. "तू मला कधीच न्हाय सांगितलंस. मी इचारलं न्हाय. तुला वाट द्यायची असली तर दे. रान तुझं हाय. पर माझ्यासाठी म्हणून देऊ नगोस."

ट्रॅक्टरचं इंजिन चालूच होतं. टोळीतला कुणीतरी ओरडला, "मावशी, तोडायचं का न्हाय? ऊन झालं."

झुंबरबाई सहा सऱ्यांपुढं उभी राहिली. एका हातानं तिनं पहिला ऊस धरला. पाल्याची धूळ तिच्या केसांवर पडली. तिनं कोयता उचलला. दुरून बघणाऱ्यांतला एक जण घसा खाकरायचा थांबला. मग तिचा हात हळूहळू खाली आला. ऊस तिनं सोडला, तो सरळ होऊन बाकीच्या उसात मिसळला. तिनं कोयता मुठीकडनं नातीपुढं धरला.

क्रांतीनं तो घेतला. शेणाचा हात परकराला पुसला आणि कुणाकडं न बघता गोठ्याकडं गेली. थोड्या वेळानं तिकडनं वैरण तोडल्याचा आवाज यायला लागला. लाकडाच्या ओंडक्यावर एकसारखा, एकामागं एक घाव. विजयसिंह पाकीट धरून उभाच होता. ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं, थोडी वाट बघितली आणि ट्रॅक्टर वळवायला घेतला.